टब पूरा खाली

न्यूट या प्राण्याला मराठीत नाव नाही. एखाद्या परिभाषा कोशात कोणी जोडशब्द बनवून ठेवला असेलही, पण तो कोणाच्या तोंडी नाही, कारण हा प्राणी आपल्या वाटेला कधी आलाच नाही. भारतात दार्जिलिंगच्या बाजूला त्याची एक जात आहे, तेवढीच. त्यामुळे पुण्याला आईला मी अमिरातीतल्या अल ऐनमध्ये नेमकं काय काम करते ते सांगायची पंचाईत झाली. फोटो पाठवला तर तिने लगेच फोन केला, "एवढं एमएस्सी करून पाली सांभाळतेस?" मी तिला फरक समजावला. पालीची कातडी कोरडी, खवल्यांची. न्यूटची उघडी आणि ओली. पाल भिंतीच्या फटीत अंडी घालते, न्यूट पाण्यात. न्यूट हा बेडकाच्या भावकीतला, फक्त मोठेपणी शेपूट न गमावलेला. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. पण अंगावर पडली तर आंघोळ करत जा."

अंगावर पडायचा प्रश्नच नव्हता, कारण आम्ही त्यांना हातसुद्धा लावत नसू. न्यूट कातडीतून पाणी पितो आणि कातडीतून थोडा श्वासही घेतो, त्यामुळे आपल्या हाताला लागलेलं क्रीम, साबण, घाम हे सगळं त्याच्या अंगात जातं. खोलीत शिरताना बूट औषधी पाण्यात बुडवायचे, हातमोजे घालायचे, अत्तर लावलं असेल तर त्या दिवशी आत यायचं नाही. अल ऐनमधली बहुतेक माणसं अत्तर लावतात. त्यामुळे आमच्या खोलीत फार कोणी येत नसे, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

नवऱ्याला इथल्या इस्पितळात नोकरी लागली म्हणून आम्ही आलो, त्याला नऊ वर्षं झाली. शहराबाहेर एक खासगी प्रजनन केंद्र आहे. तिथे मुख्यतः वाळवंटातली हरणं आणि मोठे सरडे. मी पाणी तपासणारी म्हणून लागले होते. पाच वर्षांपूर्वी एके दिवशी पुठ्ठ्याच्या खोक्यात, ओल्या शेवाळात गुंडाळलेले न्यूट आमच्याकडे पोचते झाले. दुबईत कोणाच्या तरी घरी ते विकायला आणलेले सापडले होते. जिवंत होते ते अकरा. केंद्रात बेडकांबद्दल काहीतरी शिकलेली मी एकटीच, म्हणून ते माझ्या गळ्यात पडले.

ही जात इराणच्या नैर्ऋत्येकडल्या डोंगरांतली. तिथल्या थोड्याशा झऱ्यांशिवाय ती जगात कुठेच नाही. वितीपेक्षा लहान प्राणी, अंग काळं, त्यावर पांढरे मोठे ठिपके, पाय आणि पोट नारिंगी, आणि पाठीवरून शेपटीपर्यंत एक नारिंगी पट्टा. इतका देखणा असणं त्याच्या मुळावर आलं. काचेच्या पेटीत ठेवायला लोक त्याला मागतात, म्हणून झऱ्यांतून तो ओंजळी भरभरून उचलला गेला. आता त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी आहे, पण बंदी आली म्हणून हौस जात नाही. त्यात डोंगरात पाऊस कमी, झऱ्यांचं पाणी शेतीला आणि गावांना वळवलेलं. झरा आटला की न्यूटला दुसऱ्या झऱ्याकडे जाता येत नाही, कारण मधला डोंगर उन्हाने भाजत असतो.

हे अकरा परत का पाठवले नाहीत, असं मला प्रत्येक जण विचारतो. दोन कारणं. एक म्हणजे ते कोणत्या झऱ्यातले ते माहीत नव्हतं, आणि प्रत्येक झऱ्यातली वस्ती थोडी वेगळी असते. दुसरं, खोक्यात इतर प्राण्यांबरोबर फिरून आलेल्याच्या कातडीवर बुरशीचा रोग असू शकतो. असा एक जरी झऱ्यात सोडला तरी उरलेले सगळे मरतील. म्हणजे हे अकरा जन्मठेपेचे कैदी. त्यांच्याकडून एकच अपेक्षा होती, की त्यांनी पिल्लं द्यावीत, म्हणजे तिकडे काही बरंवाईट झालं तर जात पूर्ण बुडायची नाही. झरा वाचवायचं खरं काम तिकडची माणसं करत होती. आम्ही फक्त राखीव साठा.

त्यांना पिल्लं द्यायला लावणं सोपं नव्हतं. डोंगरात हा प्राणी वर्षातले बरेच महिने पाण्यात नसतोच. उन्हाळा लागला की दगडाखाली, फटीत जाऊन निपचित पडतो, आणि थंडीतला पाऊस झऱ्याला भरू लागला की बाहेर येतो. तो कोरडा काळ दिल्याशिवाय त्याला जोडीदार सुचत नाही. पहिली दोन वर्षं मी त्यांना वर्षभर छान थंड पाण्यात ठेवलं, आणि त्यांनी छान खाल्लं, बाकी काही केलं नाही. तिसऱ्या वर्षी शहाणपण सुचलं. उन्हाळाभर दगडांच्या पेटीत जवळजवळ कोरडं ठेवलं, डिसेंबरात तापमान उतरवत नेलं, मग पंपाने बारीक पाऊस पाडला. बाहेर मे महिन्यात पंचेचाळीस अंश असताना मी आत स्वेटर घालून बसायची. केंद्रातले लोक त्या खोलीला फ्रिज म्हणत.

चौथ्या वर्षी फेब्रुवारीत नर मादीसमोर शेपूट हलवू लागले. हा नर मादीला धरत नाही. तो तळावर बीजाची एक छोटी पुडी ठेवतो आणि मादी तिच्यावरून चालत जाऊन ती उचलते. नाही आवडलं तर बाजूने जाते. मी हे माझ्या नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "फार सुसंस्कृत प्राणी आहे."

अंडी पहिल्यांदा मी पाहिली नाहीत. ती पाहिली लालाने.

लाला म्हणजे आमच्या खोलीची साफसफाई आणि खाणं बघणारा पेशावरकडचा पठाण. वय पन्नाशीचं. पश्तूत लाला म्हणजे मोठा भाऊ, म्हणून सगळे त्याला तेच म्हणायचे. तो केंद्राचा माणूस नव्हता. दुबईतल्या अल क्वोजची एक कंपनी मजूर पुरवायची, तिने पाठवलेला. व्हिसा त्या कंपनीचा. त्याला लिहायवाचायला येत नव्हतं, पण अकरा न्यूट तो पाठीवरच्या ठिपक्यांवरून ओळखायचा. प्रत्येकाचे ठिपके वेगळे असतात, मी त्यांचे फोटो काढून नंबर दिले होते आणि तरी फोटो बघितल्याशिवाय मला सांगता यायचं नाही. त्याला यायचं. सात नंबरची मादी दोन दिवस एकाच दगडाखाली जात होती, ते त्यानेच पाहिलं. दगड उलटा करून त्याने मला हाक मारली, "मॅडम, दाना."

साबुदाण्याएवढे पारदर्शक दाणे, प्रत्येकाच्या आत एक काळा मणी, एकेक सुटा दगडाच्या खालच्या बाजूला चिकटवलेला. दहा दिवसांत सव्वीस झाली. मोठे न्यूट स्वतःची अंडीही खातात, म्हणून दगडांसकट ती वेगळ्या प्लास्टिकच्या टबात काढली. चार अंड्यांवर बुरशी आली, ती काढून टाकली. उरली बावीस. मणी लांबट होऊ लागला, मग वाकला, मग त्याला शेपूट दिसू लागलं. लाला रोज सकाळी आल्या आल्या टबाजवळ उभा राहायचा आणि ओठातल्या ओठात मोजायचा.

आता भाषेबद्दल सांगायला हवं. लालाशी मी हिंदीत बोलायची असं मला चार वर्षं वाटत होतं. प्रत्यक्षात आमच्यामध्ये स्टोअर सांभाळणारे चाचा असायचे. चाचा रत्नागिरीकडचे, तीस वर्षं आखातात, माझ्याशी मराठीत बोलणारे. मी खोलीत जे बोलायची ते चाचा लालाला पुन्हा एकदा सांगायचे. मला वाटायचं त्यांना सवय आहे, म्हातारपणी होते तशी. कधी कधी चीडही यायची. त्या एप्रिलमध्ये मुलीच्या लग्नासाठी चाचा पंधरा-वीस दिवस गावी गेले.

ते गेल्यानंतर आठवड्याभरात खोली थंड ठेवणारा चिलर बिघडला. खोलीत तीन कप्प्यांची मांडणी होती आणि अंड्यांचा टब सगळ्यात वरच्या कप्प्यावर. गरम हवा वर जाते. वरचं तापमान चढायला लागलं तसा मला घाम फुटला. टब तळच्या कप्प्यावर ठेवला तर दोनतीन अंश वाचणार होते, आणि तेवढ्याने अंडी तगली असती. एका हातात फोन, चिलरवाला लाइनवर, आणि मी लालाला म्हटलं, "लाला, ये टब खाली रखो."

तो थांबला. "खाली?"

"हां, चिलर खराब है ना."

त्याने टबाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "पूरा खाली?"

मधल्या कप्प्यावर ठेवू की तळाला, असं तो विचारतोय हे उघड होतं. मी म्हटलं, "हां, पूरा. एकदम पूरा."

"पत्थर भी?"

दगडांना अंडी चिकटलेली. दगड काय वर ठेवणार? मला या माणसाची कीव आली. "पत्थर भी, लाला. अभी के अभी. यल्ला." यल्ला म्हणजे अरबीत चल, आटप. एवढं बोलून मी चिलरवाल्याशी भांडायला बाहेर गेले.

तासाभराने परत आले. टब धुऊन, उलटा करून निथळत ठेवला होता. खोलीचा नियम मीच केलेला, की कोणताही टब रिकामा केला की दगड ब्रशने घासायचे आणि बुरशी मरावी म्हणून उन्हात ठेवायचे. दगड मागच्या सिमेंटच्या ओट्यावर ओळीने मांडले होते. मी एकेक उलटा करून बघितला. हाताला चटके बसत होते. एकाही दगडावर काही नव्हतं. लाला माझ्या मागे उभा होता आणि म्हणाला, "हो गया मॅडम, साफ." मी तिथेच ओट्यावर बसून रडले. चार वर्षं, आणि बाहेर यायला पाचसहा दिवस उरले होते. तो गोंधळून बघत राहिला, मग पाणी घेऊन आला. ते मी घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी मीटिंग झाली. आम्ही पाच जण होतो. केंद्राची मुख्य पशुवैद्य, दक्षिण आफ्रिकेची बाई, तिला आम्ही डॉक्टर म्हणायचो. एचआरचा एक मल्याळी माणूस. अल क्वोजहून आलेला लालाचा सुपरवायझर. लाला आणि मी. डॉक्टरला हिंदी येत नाही. लाला काय म्हणतो ते इंग्रजीत तिला सांगायचं काम माझ्याकडे आलं. त्या वेळी कोणालाच, मलाही, यात काही वावगं वाटलं नाही.

लाला म्हणाला, "मॅडम बोला, टब पूरा खाली, पत्थर भी. हमारा दिल नहीं माना. इसलिए हम तीन दफा पूछा."

मी ऐकलं ते असं, की मॅडमनी टब पूर्ण रिकामा करायला सांगितला. माझ्या कानाला त्यात काहीच खटकलं नाही. टब रिकामा झालेला मी डोळ्यांनी पाहिला होता, समोरचा माणूस हिंदीत बोलत होता, आणि हिंदीत खाली म्हणजे रिकामं हे शाळेतल्या पोरालाही कळतं. तोच शब्द आदल्या दिवशी माझ्या तोंडून गेला तेव्हा तो मराठी होता, हे माझ्या डोक्यात त्या वेळी आलंच नाही. मी बावीस अंडी ओतून टाकायला सांगेन? चोराच्या उलट्या बोंबा, असं मी मनात म्हटलं. त्याचं बोलणं मी डॉक्टरला अचूक भाषांतर करून सांगितलं आणि पुढे माझ्याकडून जोडलं, "ही इज लाइंग."

मग त्याच्याकडे वळून म्हटलं, "लाला, गलती हो गई तो हो गई. झूठ क्यूं बोलते हो?"

त्याचा चेहरा पडला. तो पुन्हा एकदा म्हणाला, "तीन दफा पूछा." नुसती चूक असती तर डॉक्टर कदाचित ताकीद देऊन थांबली असती. पण खोटं बोलणारा माणूस तिला अशा कामावर नको होता, आणि तिचं म्हणणं बरोबरच होतं. तापमान, औषधाची मात्रा, मेलेला प्राणी, सगळं तिथे माणसाच्या शब्दावर चालतं. दुसऱ्या दिवशी सुपरवायझर त्याला अल क्वोजला घेऊन गेला. खोटी माहिती दिल्याचा शेरा फाइलवर असल्यावर दुसरीकडे त्याला कोणी घेणार नव्हतं. व्हिसा कॅन्सल करून गावी पाठवायचं ठरलं. मला थोडं वाईट वाटलं, पण झोप व्यवस्थित लागली. हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

बाराव्या दिवशी शनिवार होता. पिण्याच्या पाण्याचा मोठा बाटला घेऊन डिलिव्हरीवाला आमच्या घराच्या दारात आला. इथे भरलेला बाटला द्यायचा आणि रिकामा घेऊन जायचा अशी पद्धत. त्याने बाटला खांद्यावरून उतरवून स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवायला घेतला. ओटा नुकताच पुसला होता, म्हणून मी म्हटलं, "भैया, खाली रखो, खाली."

तो म्हणाला, "खाली तो आप देंगी न मॅडम. ये तो भरा हुआ है."

"अरे हां, पर खाली रखो ना."

बाटला खांद्याला, आणि तो माझ्याकडे बघत उभा. सोफ्यावर मोबाइल घेऊन पडलेली माझी बारा वर्षांची मुलगी मान वर न करता म्हणाली, "आई, खाली मीन्स एम्प्टी. यू मीन नीचे. यू ऑल्वेज डू दिस."

डिलिव्हरीवाला हसला आणि बाटला जमिनीवर ठेवून रिकामा घेऊन गेला. मी दार लावायचं विसरले. टब खाली रखो. पूरा खाली? एकदम पूरा. पत्थर भी? पत्थर भी. एकेक वाक्य त्याच्या बाजूने ऐकू यायला लागलं. ते त्याच्या बाजूने ऐकलं तर त्यात चुकायला जागाच नव्हती. तो एका वेड्या हुकमाला तीनदा अडवायचा प्रयत्न करत होता आणि मी त्याला यल्ला म्हटलं. अल ऐनच्या दक्षिणेला पसरलेल्या वाळवंटाचं अरबी नावसुद्धा रुब अल खाली, म्हणजे रिकामा भाग. आठ वर्षं मी ते रस्त्याच्या पाट्यांवर वाचत होते. मला लाज वाटली, आणि लाजेच्या आधी, हेही खरं, भीती वाटली, की आता हे सांगावं लागणार.

चाचा त्याच आठवड्यात परतले होते. त्यांना फोन केला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ताई, चार वर्षं मी तुमचं हिंदी हिंदीत करून सांगत होतो. तुम्हाला वाटलं मला बोलायची हौस आहे?"

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही पुण्याच्या," चाचा म्हणाले. "तुमच्या भाषेत कोण चूक काढणार?"

सोमवारी मी डॉक्टरला सगळं सांगितलं. तिला दोन शब्दांतला फरक कळायला वेळ लागला नाही. तिने फक्त दोन प्रश्न विचारले. म्हणजे त्याने तू सांगितलंस तेच केलं? हो. आणि करण्याआधी तीन वेळा खात्री करून घेतली? हो. "मग या खोलीत त्याच्याइतकं नीट काम कोणीच केलेलं नाही," ती म्हणाली, आणि मला लिहून द्यायला सांगितलं. मी लिहून दिलं, आणि तिने ते आपल्या पत्रासोबत कंपनीला पाठवलं. अल क्वोजहून सुपरवायझरचं उत्तर आलं, की फाइल खलास झाली आहे, शनिवारचं तिकीट निघालं आहे, नवीन माणूस पाठवतो, इन्शाल्ला.

मंगळवारी चाचा आणि मी गाडी काढून अल क्वोजला गेलो. गोदामं, गॅरेजं, आणि त्यांच्या मागे मजुरांच्या राहण्याच्या इमारती. लाला बाहेर आला. त्याने चाचांना मिठी मारली, मला सलाम केला. इमारतीसमोर चहाची टपरी होती, तिथे उभ्या उभ्याच मी त्याला सांगितलं, की माझ्या भाषेत खाली म्हणजे नीचे. तो ऐकत होता. विश्वास बसेना म्हणून त्याने चाचांकडे बघितलं. चाचांनी मान हलवली.

"तो हम झूठ नहीं बोला," तो म्हणाला.

"नहीं, लाला. मैं गलत थी. माफ कर दो."

"माफ है," तो लगेच म्हणाला, इतक्या सहज की मला सुटल्यासारखं झालं. मग म्हणाला, "लेकिन इधर मत बोलिए. जिधर हमको झूठा बोला था, उधर बोलिए. उन्हीं लोगों के सामने." आणि पुढे, "अंग्रेज़ी में नहीं. आप उस दिन अंग्रेज़ी में बोला, लाइंग. वो लफ़्ज़ हमको आता है."

नोकरीचं त्याने विचारलंच नाही. मी परत येताना चाचांना म्हटलं, की डॉक्टरने पत्र दिलंय, तिकीट रद्द होईल, पुन्हा मीटिंगची काय गरज? चाचा रस्त्याकडे बघत गाडी चालवत होते. म्हणाले, "गरज त्याला आहे ना."

गुरुवारी तेच पाच जण त्याच टेबलाभोवती बसले. सुपरवायझर कुरकुरत आला होता. भाषांतराचं काम या वेळी डॉक्टरने एचआरच्या मल्याळी माणसाला दिलं, माझ्याकडे बघितलंही नाही. मी हिंदीत सांगितलं. काय बोलले, काय म्हणायचं होतं, त्याने किती वेळा विचारलं, आणि मी त्याला खोटारडा म्हटलं ते खोटं होतं. हिंदीत बोलताना प्रत्येक शब्दाला अडखळत होते. रोज बिनधास्त वापरलेल्या भाषेवर माझा भरवसाच उरला नव्हता. मल्याळी माणसाने सगळं इंग्रजीत सांगितलं. लाला टेबलावर हात ठेवून ऐकत होता. शेवटी तो सुपरवायझरला म्हणाला, "सुन लिया?" तेवढंच. शेरा काढला गेला, तिकीट रद्द झालं, आणि रविवारपासून लाला कामावर आला.

त्या वर्षी सात नंबरने पुन्हा अंडी घातली नाहीत. मोसम संपला होता. उन्हाळ्यात आम्ही सगळ्यांना दगडांच्या पेटीत कोरडं ठेवलं, त्यात एक नर मेला, उरले दहा. लाला माझ्याशी पूर्वीसारखाच वागत होता. ईदला त्याने मला शीरखुर्मा आणून दिला, माझ्या मुलीची चौकशी केली. मी तिच्याकडून घरी हिंदी दुरुस्त करून घेत होते, ती इंग्रजीत चुका सांगायची आणि वैतागायची. मला वाटलं, झालं गेलं मिटलं. माणूस मोठ्या मनाचा, मीही चूक कबूल केलेली.

पुढच्या फेब्रुवारीत दाणे आले. या वेळी दोन माद्यांचे, मिळून एकतीस. मार्चमध्ये त्यांच्यातल्या काळ्या मण्यांना शेपट्या फुटल्या. एके सकाळी चिलरने पुन्हा आवाज करायला सुरुवात केली आणि वरच्या कप्प्याचं तापमान चढू लागलं. डॉक्टर आत होती, चाचा दारात होते. मी टबाकडे गेले, दीर्घ श्वास घेतला, आणि पोरीकडून घोटून घेतलेलं वाक्य सावकाश, स्वच्छ बोलले, "लाला, इस टब को सबसे नीचेवाले खाने में रख दीजिए."

लालाने टबाला हात लावला नाही. तो अदबीने माझ्यासमोर उभा राहिला.

"मॅडम," तो म्हणाला, "मुंह से मत बोलिए. हाथ से दिखाइए."

मी हात लांब केला आणि तळचा कप्पा दाखवला.